डिझेल पिकअपचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन: कोणती बांधणी निवडावी आणि ती कोणाकडून करून घ्यावी

अमेरिकेत कमिन्स इंजिनाचा जुना डॉज रॅम विकत घेतला, की इंजिनाची चिंता सहसा करावी लागत नाही. चिंता करावी लागते ती इंजिनामागे बसवलेल्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनची. कॅम्पर (राहण्याची सोय असलेला ट्रेलर), बोट किंवा व्यवसायाचा ट्रेलर ओढण्यासाठी असा ट्रक घेणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख लिहिला आहे. यात बांधणी म्हणजे ट्रान्समिशन पूर्ण खोलून नव्या किंवा अधिक भक्कम भागांनी पुन्हा जोडणे. ज्यांनी ट्रान्समिशन कधी उघडलेले पाहिलेले नाही आणि ज्यांना गॅरेजवाल्याने सांगितलेल्या रकमेवर कसा विचार करावा हे कळत नाही, असे वाचक मी समोर धरले आहेत. १९९४ ते २००७ या काळातील डॉज रॅमची ट्रान्समिशने मी मुख्य उदाहरण म्हणून घेतली आहेत, कारण ती अजून मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत आणि त्यांचे कच्चे दुवे आता सर्वांना ठाऊक झाले आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. डॉजने १९८९ साली आपल्या पिकअपमध्ये ५.९ लिटरचे कमिन्स डिझेल इंजिन बसवले, तेव्हा त्याची ताकद १६० अश्वशक्ती आणि ४०० फूट-पौंड टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, एवढी होती. त्यामागे जोडलेले ट्रान्समिशन हे १९६२ साली पेट्रोल गाड्यांसाठी आलेल्या टॉर्कफ्लाइट ७२७ या घराण्यातले होते. पुढे त्याच घराण्यात ओव्हरड्राइव्हची, म्हणजे वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणाऱ्या वरच्या गिअरची, भर पडून ४७आरएच, १९९६ पासून ४७आरई आणि २००३ पासून ४८आरई अशी चार गिअरची ट्रान्समिशने आली. दरम्यान इंजिनाचा टॉर्क मात्र २००४ च्या मॉडेल-वर्षाच्या उत्तरार्धात ६०० फूट-पौंडांवर पोहोचला. मूळ आराखडा तोच राहिला आणि भार दीडपट झाला, शिवाय डिझेलचा टॉर्क अगदी कमी फेऱ्यांवरच येतो, त्यामुळे तो भार वारंवार आणि दीर्घकाळ पडतो. मालकाने वर ट्यूनर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सूचना बदलून ताकद वाढवणारे साधन, लावून आणखी शंभर अश्वशक्ती वाढवली, तर कारखान्याने सुरक्षिततेसाठी राखलेली जादा क्षमता जवळजवळ संपून जाते.

महाराष्ट्रात ट्रक म्हटला की हाताने गिअर टाकायची गाडी डोळ्यांसमोर येते, आणि ट्रक ओढेनासा झाला की क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलून काम भागते. ऑटोमॅटिकमध्ये तसे एकाच जागी बोट ठेवता येत नाही. इंजिनाची ताकद आधी टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जाते आणि ठरावीक वेग आला की कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच बसून इंजिन आणि ट्रान्समिशन थेट जोडले जातात. मागे तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात आणि ड्रमभोवती आवळले जाणारे पट्टे, म्हणजे बँड, असतात. कोणता गठ्ठा आणि कोणता पट्टा कधी व किती जोराने आवळायचा, हे पंपाने तयार केलेला तेलाचा दाब ठरवतो आणि त्या दाबाची वाटणी व्हॉल्व्ह बॉडी करते. यातला एक भाग भक्कम केला की ताण पुढच्या भागावर सरकतो, आणि म्हणूनच सुटे भाग एकेक करून बदलत जाण्यापेक्षा संपूर्ण जोडणीचा हिशेब मांडणारा कारागीर अधिक महत्त्वाचा ठरतो.

पहिली पायरी: खरा भार कागदावर मांडावा

गॅरेजला फोन करण्यापूर्वी आपण नेमके काय ओढणार आहोत हे अंदाजाने नव्हे, तर वजन करून ठरवावे. महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात. ट्रक आणि ट्रेलर प्रवासाला निघताना असतात तसेच, म्हणजे पाणी, सामान आणि माणसांसह, काट्यावर उभे केले की पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजने छापील पावतीवर मिळतात. ती पावती जपून ठेवावी, कारण चांगला कारागीर पहिल्यांदा तीच विचारतो.

त्यानंतर मागच्या आसाचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी ट्रान्समिशनकडून येणारा शाफ्ट किती फेऱ्या फिरतो तो आकडा, आणि टायरचा व्यास लिहावा. नवखे मालक याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. समजा, ट्रकला ३.७३ चे गुणोत्तर आहे आणि मूळ टायर साडेएकतीस इंच व्यासाचे होते. आधीच्या मालकाने शोभेसाठी ३५ इंची टायर बसवले असतील, तर प्रत्यक्षात मिळणारे गुणोत्तर ३.३६ च्या आसपास येते. अशा ट्रकला तोच ट्रेलर ओढताना ट्रान्समिशनला जास्त टॉर्क सोसावा लागतो, लॉकअप उशिरा लागतो आणि तेल अधिक तापते. असा ट्रक हाती आला असेल, तर ट्रान्समिशनवर हजारो डॉलर खर्च करण्याआधी मूळ मापाचे टायर बसवावेत किंवा आसाचे गिअर बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिनात काय बदल झाले आहेत, तेही लिहावे. ट्यूनर आहे का, इंजेक्टर बदलले आहेत का, टर्बो मूळचाच आहे का, याची माहिती आधीच्या मालकाकडून मिळाली नाही, तर डिझेलचे काम करणाऱ्या एखाद्या मेकॅनिककडून तपासून घ्यावी. पुढे आणखी ताकद वाढवायची इच्छा असेल, तर ती आत्ताच ठरवावी. ट्रान्समिशन एका ताकदीसाठी बांधून घेतले आणि नंतर वर्षभराने इंजेक्टर बदलले, तर पहिला खर्च वाया जाण्याची शक्यता मोठी असते.

दुसरी पायरी: दोष ट्रान्समिशनचाच आहे ना, हे पाहावे

धडधाकट ट्रान्समिशन विनाकारण खोलले जाते, असे या ट्रकांच्या बाबतीत पुष्कळदा घडते. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे ताशी ४०-४५ मैलांवर लॉकअप लागणे-सुटणे. पायडल स्थिर असतानाही इंजिनाच्या फेऱ्या दोन-तीनशेने वर-खाली होत राहतात आणि ट्रान्समिशन गेले असे वाटते. १९९० च्या दशकातील रॅममध्ये याचे कारण अनेकदा अल्टरनेटरमध्ये सापडते. त्यातला डायोड खराब झाला की विजेत तरंग मिसळतात, ते थ्रॉटल सेन्सरच्या तारेत शिरतात आणि कॉम्प्युटरला पाय हलल्याचा भास होतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना, बॅटरीच्या टोकांवर मोजावे. आकडा ०.१ व्होल्टच्या वर असेल, तर आधी अल्टरनेटर, बॅटरीच्या तारा आणि अर्थिंग दुरुस्त करावे. गाडी दोन मिनिटे अल्टरनेटरची जोडणी काढून चालवली आणि दोष नाहीसा झाला, तर ट्रान्समिशनला हात लावण्याचे कारण उरत नाही.

दुसरी तपासणी थ्रॉटल व्हॉल्व्हच्या केबलची करावी. ही केबल पायडल किती दाबले आहे ते ट्रान्समिशनला कळवते आणि त्यानुसार तेलाचा दाब व गिअर बदलण्याची वेळ ठरते. ती सैल असली तर दाब कमी पडतो, प्लेटा घसरतात आणि थोड्याच दिवसांत जळतात. ती योग्य लावायला पैसे लागत नाहीत, पण चुकीची राहिली तर नवे ट्रान्समिशनही टिकत नाही. २००४ च्या मॉडेल-वर्षाच्या उत्तरार्धानंतरच्या ४८आरईमध्ये हेच काम केबलऐवजी छोटी मोटर करते.

उभ्या गाडीतून निघताना पहिल्याऐवजी वरच्या गिअरमधून सुटणे किंवा वरचा गिअर वेळेवर न पडणे, ही लक्षणे ४७आरईमध्ये पुष्कळदा गव्हर्नर दाबाच्या (गाडीच्या वेगानुसार बदलणाऱ्या तेलाच्या दाबाच्या) सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेची, किंवा त्याच्या सेन्सरची असतात. हे दोन्ही भाग व्हॉल्व्ह बॉडीवर बसतात आणि ट्रान्समिशन गाडीतून न उतरवता, केवळ ऑइल पॅन काढून बदलता येतात.

पॅन काढला असता त्यातला गाळ स्वतः पाहावा आणि फोटो काढून ठेवावा. लोहचुंबकावर करड्या रंगाची मऊ, बोटाला मलमासारखी लागणारी पेस्ट असेल, तर ती सामान्य झीज आहे. त्यात चमकणारे कण, पितळी रंगाचे तुकडे किंवा काळ्या घर्षण-थराचे कोंड्यासारखे कण दिसले आणि तेलाला जळका वास येत असेल, तर मात्र आतले भाग संपले आहेत. अशा स्थितीत नवे तेल आणि नवा फिल्टर टाकून काही साध्य होत नाही.

शेवटची तपासणी दाबाची. केसवर दाब मोजण्यासाठी तोंडे दिलेली असतात. तिथे ३०० पीएसआयचा गेज लावून आयडलला, ड्राइव्हमध्ये आणि रिव्हर्समध्ये दाब मोजता येतो. रिव्हर्समध्ये दाब बराच चढतो, म्हणून लहान गेज वापरू नये. ज्या गॅरेजने हे आकडे न घेताच संपूर्ण बांधणी सुचवली, तिथून दुसऱ्या गॅरेजकडे जावे.

तिसरी पायरी: किती भक्कम बांधणी हवी, ते ठरवावे

जाहिरातींमध्ये बांधण्या अश्वशक्तीच्या आकड्यांवर विकल्या जातात. ओढणाऱ्या ट्रकासाठी हा आकडा अपुरा आहे. रिकाम्या ट्रकात क्षणभर पाचशे अश्वशक्ती सोसणे वेगळे आणि बारा हजार पौंडांचा ट्रेलर घेऊन कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्याचा चढ चढताना वीस मिनिटे तीनशे अश्वशक्ती सोसणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात उष्णता साठत जाते आणि ऑटोमॅटिकचा मुख्य शत्रू उष्णताच असतो.

इंजिन मूळ ताकदीचे असेल आणि काम केवळ ओढण्याचे असेल, तर तीन गोष्टींवर पैसे खर्च करावेत: चांगला टॉर्क कन्व्हर्टर, दाब आणि वेळ नीट बसवलेली व्हॉल्व्ह बॉडी आणि तेल थंड करण्याची भरवशाची सोय. आतल्या प्लेटा आणि बँड अजून चांगले असतील, तर या तीन गोष्टींनीच ट्रकचा स्वभाव बदलतो. मूळ कन्व्हर्टरमध्ये लॉकअपची एकच प्लेट असते आणि चढावर, वजनासह ती घसरू लागते. पायडल तेच, वेग तोच, पण फेऱ्या हळूहळू वर सरकतात, हे तिचे लक्षण. तीन प्लेटांचा लॉकअप असलेला कन्व्हर्टर हा दोष दूर करतो.

मात्र कन्व्हर्टर निवडताना दोन बाबी नीट समजून घ्याव्यात. पहिली बाब म्हणजे स्टॉल. गाडी थांबलेली असताना इंजिन कन्व्हर्टरला किती फेऱ्यांपर्यंत फिरवू शकते, तो आकडा म्हणजे स्टॉल. तो कमी ठेवला तर तेलातली घसरण कमी होते आणि उष्णताही कमी निर्माण होते. पण तो फारच कमी असेल आणि टर्बो मोठा असेल, तर टर्बोला वेग घ्यायला वाव मिळत नाही, गाडी जड वाटते आणि काळा धूर निघतो. म्हणजे कन्व्हर्टर हा टर्बोशी आणि वजनाशी जुळवायचा असतो, आणि ज्या विक्रेत्याने तुमचा टर्बो कोणता हे विचारलेच नाही, त्याने कन्व्हर्टर जुळवलेला नाही. दुसरी बाब पुढच्या कव्हरची. दाब वाढवला की पातळ पत्र्याचे मूळ कव्हर किंचित फुगते, लॉकअप प्लेट सपाट बसत नाही आणि इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर पुढे ढकलणारा जोर येतो. म्हणून दाब वाढवलेल्या ट्रान्समिशनसाठी अखंड पोलादातून कातलेले, म्हणजे बिलेट, कव्हर घेतात.

इंजिनाला साधारण शंभर अश्वशक्तीची भर घातली असेल, तर आतली बांधणीही बदलावी लागते. याचे कारण वर सांगितलेल्या साखळीत आहे. घसरणारा लॉकअप नकळत इनपुट शाफ्टचे, म्हणजे कन्व्हर्टरकडून ताकद ट्रान्समिशनमध्ये आणणाऱ्या दांड्याचे, रक्षण करत असतो, कारण अचानक आलेला टॉर्क घसरणीत विरून जातो. तीन प्लेटांचा लॉकअप तो टॉर्क पूर्णपणे शाफ्टवर टाकतो आणि ४७आरईचा मूळ इनपुट शाफ्ट मग तुटू शकतो. म्हणून भक्कम लॉकअप आणि वाढवलेली ताकद एकत्र येणार असतील, तर इनपुट शाफ्ट बिलेट घ्यावा. दुसऱ्या गिअरचा बँड, त्याला जोर देणारी तरफ आणि टेकू हे भागही याच टप्प्यात सुधारावे लागतात. वजन घेऊन चढताना दुसऱ्या गिअरचा सगळा भार त्या एका पट्ट्यावर असतो, आणि तिसरा गिअर पडताना बँड नेमक्या क्षणी सुटला नाही तर क्लच आणि बँड एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. हा क्षण व्हॉल्व्ह बॉडीत साधावा लागतो. तिथे कारागिराचा हात दिसतो, महागड्या प्लेटा लावून तो साधत नाही.

इंटरमीडिएट आणि आउटपुट शाफ्टही बिलेट, जादा प्लेटा बसतील असे ड्रम, आणखी वाढवलेला दाब ही पुढची पातळी शर्यतीच्या किंवा फार वाढवलेल्या इंजिनांसाठी असते. कुटुंबाचा कॅम्पर ओढणाऱ्या वाचकाला तिची गरज नसते. तिथे वाचलेले पैसे ट्रेलरच्या ब्रेककडे वळवावेत.

आणखी एक इशारा देणे आवश्यक आहे. या ट्रान्समिशनच्या ओव्हरड्राइव्ह भागात सुमारे ८०० पौंड जोराने दाबून बसवलेली स्प्रिंग असते. प्रेस आणि योग्य साधन नसताना तो भाग घरी खोलण्याचा प्रयत्न करू नये. त्याने गंभीर इजा होऊ शकते.

इतर ट्रकांविषयी थोडक्यात

२००७ च्या मध्यापासून ६.७ लिटरच्या कमिन्समागे आलेले सहा गिअरचे ६८आरएफई ओव्हरड्राइव्हच्या क्लचमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीत कच्चे समजले जाते. तिथे दाबाची गळती थांबवणे हे पहिले काम असते आणि ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅमिंग समजणारा माणूस लागतो. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्सबरोबर २००१ साली आलेले अॅलिसन १००० मूळ ताकदीवर फार टिकाऊ आहे. ताकद वाढवल्यावर क्लच घसरला, की त्याचा कॉम्प्युटर स्वतःच ट्रकला मर्यादित अवस्थेत टाकतो. हा इशारा मानून थांबावे, पुन्हा पुन्हा कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड पुसून चालवू नये. त्याचा बाहेरून फिरवून बसणारा फिल्टर आणि त्यावरचे चुंबक पाहूनही आतल्या झिजेचा अंदाज येतो. फोर्डमध्ये ७.३ लिटरच्या पॉवर स्ट्रोकमागचे ४आर१०० हे उष्णतेला नाजूक आहे, आणि नंतरच्या ६.० लिटरच्या ट्रकचा मोठा ऑइल कूलर त्यावर बसवणे ही फोर्डवाल्यांची जुनी आणि उपयुक्त सुधारणा आहे. २००३ पासूनचे पाच गिअरचे टॉर्कशिफ्ट त्यापेक्षा बरेच भक्कम निघाले.

एका ट्रकात दुसऱ्याच कंपनीचे ट्रान्समिशन बसवण्याचे, उदाहरणार्थ कमिन्समागे अॅलिसन लावण्याचे संचही मिळतात. जोडकडी, स्वतंत्र कॉम्प्युटर, शाफ्टची लांबी, वायरिंग एवढे सगळे जुळवावे लागते आणि बिघाड झाला तर नेहमीचे गॅरेज हात वर करते. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

चौथी पायरी: उष्णता मोजण्याची सोय

बांधणी कोणतीही निवडली, तरी तेलाच्या तापमानाचा गेज त्यासोबत घ्यावाच. सामान्य चालण्यात तेल १६० ते २०० अंश फॅरनहाइटमध्ये असावे. ते २२० च्या वर रेंगाळू लागले तर वेग कमी करावा आणि खालचा गिअर घ्यावा. २५० वर गेले तर सुरक्षित जागी थांबून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन थोडे वाढीव फेऱ्यांवर चालू ठेवावे, म्हणजे पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो. गेजचा सेन्सर कुठे बसवला आहे हेही माहीत असावे. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीवरचा आकडा पॅनमधल्या आकड्यापेक्षा बराच जास्त आणि झपाट्याने चढणारा असतो, आणि दोन मालक आपापल्या आकड्यांची तुलना करताना याच ठिकाणी फसतात.

पाचवी पायरी: कारागीर निवडावा

सुटे भाग सर्वांना सारखेच मिळतात. सॉनॅक्स आणि ट्रान्सगो यांचे दुरुस्ती-संच, रेबेस्टोस किंवा आल्टोच्या प्लेटा कोणीही मागवू शकतो. फरक पडतो तो मोजमापात. क्लचच्या प्रत्येक गठ्ठ्यात किती फट ठेवली, शाफ्टची पुढे-मागे हालचाल डायल गेजवर किती आली, जोडणीपूर्वी प्रत्येक क्लचमध्ये हवा सोडून पिस्टन बसतो का पाहिले का, व्हॉल्व्ह बॉडीतली भोके झिजली आहेत का हे निर्वात दाबाने तपासले का, या प्रश्नांची उत्तरे कारागिराकडे आकड्यांत असली पाहिजेत. मी स्वतः कारागिराला पहिला प्रश्न हाच विचारतो की बांधणीचे मोजमाप लिहिलेला कागद मला मिळेल का. जो हे काम नेहमी करतो, त्याला या प्रश्नाचा राग येत नाही. त्याच्याकडे तो कागद असतोच.

पहिल्या फोनवर तो काय विचारतो, याकडे लक्ष द्यावे. ट्रेलरचे वजन, आसाचे गुणोत्तर, टायर, टर्बो आणि ट्यूनर याविषयी त्याने आधी विचारले आणि नंतर किंमत सांगितली, तर ते चांगले लक्षण आहे. किंमत आधी आणि प्रश्न नंतर, किंवा प्रश्नच नाहीत, अशी जागा सोडून द्यावी. माझ्या ट्रकासाठी कोणता भाग घेऊ नये असे तुम्हाला वाटते, हेही जरूर विचारावे. अनुभवी कारागीर एखादा महाग भाग स्वतःहून वगळायला सांगतो आणि त्याचे कारणही देतो.

शक्य असेल तर गॅरेज प्रत्यक्ष पाहून यावे. बांधणीची जागा वेल्डिंग आणि ग्राइंडिंगपासून वेगळी आहे का, भाग धुण्याचे यंत्र आहे का, उघडलेली ट्रान्समिशने झाकून ठेवली आहेत का, एका गाडीचे भाग एकाच ट्रेमध्ये चिठ्ठी लावून आहेत का, एवढे पाहिले तरी बरेच कळते. ट्रान्समिशन बांधणाऱ्यांची आट्रा ही संघटना आणि एएसई या संस्थेची ए-२ परीक्षा ही पात्रतेची खूण म्हणून उपयोगी आहे, परंतु ती किमान पात्रता समजावी. त्याच मॉडेलची ट्रान्समिशने तो आठवड्याला किती बांधतो आणि दोन-तीन वर्षांपूर्वी बांधलेल्या, ट्रेलर ओढणाऱ्या ग्राहकांशी बोलता येईल का, हे प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगून जाते. गेल्या महिन्यातला ग्राहक नेहमीच समाधानी असतो.

जवळच्या कारागिराकडून आपलेच ट्रान्समिशन बांधून घ्यावे, की दूरच्या नामांकित कंपनीकडून तयार ट्रान्समिशन पेटीतून मागवावे, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. तयार ट्रान्समिशन चाचणी-यंत्रावर फिरवून पाहिलेले असू शकते आणि गाडी कमी दिवस उभी राहते. पण ते बसवणारा माणूस वेगळा असतो, आणि बिघाड झाला की बांधणारा बसवणाऱ्याकडे आणि बसवणारा बांधणाऱ्याकडे बोट दाखवतो. नवख्या मालकाने, जवळपास खरोखर चांगला कारागीर असेल तर, बांधणी, कन्व्हर्टर आणि बसवणे या तिन्हींची जबाबदारी एकाच नावावर घ्यावी, असा माझा सल्ला आहे. जुने ट्रान्समिशन परत देण्याची अनामत रक्कम किती आणि त्याचे केस फुटलेले निघाले तर किती कापणार, हेही आधी लिहून घ्यावे.

वॉरंटीचा कागद पूर्ण वाचावा. किती वर्षे, हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. ट्रान्समिशन उतरवण्या-चढवण्याची मजुरी कोण देणार, वाहतुकीचा खर्च कोणाचा, व्यावसायिक वापर आणि ट्रेलर ओढणे यांना वॉरंटी लागू आहे का, ट्यूनर असल्यास ती रद्द होते का आणि कूलर बदलल्याची पावती दाखवावी लागते का, या ओळी शोधाव्यात. काम सुरू होण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्यावे. कॅलिफोर्नियात ते देणे गॅरेजवर कायद्याने बंधनकारक आहे. काढलेले जुने भाग पाहायला मिळावेत, हेही त्याच वेळी सांगून ठेवावे.

ट्यूनरसंबंधी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. ट्रान्समिशनच्या कामाबरोबर धुराचे फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढणे किंवा निकामी करणे हे अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याचे उल्लंघन आहे. पर्यावरण खात्याने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार त्याआधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमध्ये असे फेरफार झाले होते, आणि त्याचा धूर आपल्याच वस्तीतल्या मुलांच्या छातीत जातो. ट्रान्समिशन चांगले चालण्यासाठी त्याची काहीही गरज नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी कोणताही ट्यूनर घेताना त्याला राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता-क्रमांक आहे का ते पाहावे.

सहावी पायरी: बसवणे आणि पहिले पाचशे मैल

चांगली बांधणी बसवताना बिघडू शकते. जुने ट्रान्समिशन जळाले असेल तर त्याचा चुरा कूलरमध्ये अडकलेला असतो आणि तो सुटून थेट नव्या ट्रान्समिशनमध्ये जातो. नळ्या नीट धुवाव्यात आणि इंजिनाच्या बाजूचा तेल-पाण्याचा कूलर शक्यतो नवाच घ्यावा. काम झाल्यावर कूलरमधून परत येणारे तेल भांड्यात धरून प्रवाह मोजता येतो. आयडलला वीस सेकंदांत साधारण एक क्वार्ट (सुमारे एक लिटर) तेल यायला हवे.

कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला आहे का, हे ट्रान्समिशन इंजिनाला भिडवतानाच पाहावे लागते. तो बसताना अनेक टप्प्यांवर आत सरकतो, आणि शेवटचा टप्पा राहून गेला तर बोल्ट आवळताना पंप फुटतो. ट्रान्समिशन इंजिनाला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत, म्हणजे कन्व्हर्टर जिला जोडतात त्या इंजिनामागच्या तबकडीपर्यंत, थोडे अंतर राहिले पाहिजे. तो फिरत नसेल तर बोल्ट आवळून जागेवर ओढण्याचा प्रयत्न न करता सगळे मागे घ्यावे. बसवणाऱ्याने हे तपासले का, असे विचारण्यात संकोच करू नये.

ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे तेल एटीएफ+४ याच प्रकारचे घालावे. ४७आरई आणि ४८आरईमध्ये तेलाची पातळी इंजिन गरम आणि चालू असताना, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पाहतात. पार्कमध्ये पाहिल्यास आकडा फसवा येतो. थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल ट्रान्समिशन बसवल्याच्याच दिवशी योग्य लावून घ्यावी आणि दाब पुन्हा मोजून आधीच्या कागदाशेजारी लिहावा.

पहिले पाचशे मैल ट्रेलर न जोडता, शहरात आणि महामार्गावर मिळून चालवावेत, म्हणजे प्लेटा आणि बँड एकमेकांशी बसतात. त्यानंतर पॅन काढून चुंबक पाहावे, बँडची फट पुन्हा लावावी, फिल्टर आणि तेल बदलावे. पहिला ट्रेलर अर्ध्या वजनाचा आणि सपाट रस्त्यावर घ्यावा. त्या फेरीत बाहेरचे तापमान, तेलाचे तापमान आणि लॉकअप लागल्यावरच्या फेऱ्या एका वहीत टिपून ठेवाव्यात. पुढे कधी पंधरा-वीस अंशांचा किंवा शंभर फेऱ्यांचा फरक दिसला, तर वॉरंटीची मुदत संपण्याआधी ती वही घेऊन कारागिराकडे जाता येईल.